वाटीचा तळ दिसतो का?

"डॉक्टर, रोज वरण-भात खाते, तरी अंगात ताकद का नाही?" साठी ओलांडलेल्या मावश्या-आज्या दवाखान्यात हमखास विचारतात. मी उलट विचारतो, "वरण वाढल्यावर वाटीचा तळ दिसतो का?" बहुतेकींच्या वाटीचा दिसतो. म्हणजे वरण पातळ, डाळ थोडी आणि डाळीतलं प्रथिनही थोडं.

खाल्लेलं प्रथिन शरीर जसंच्या तसं वापरत नाही. पोटात आणि आतड्यात ते फोडून त्यातली अमिनो आम्लं सुटी केली जातात. त्यांतूनच मग स्नायू, जखम भरून काढणारं कोलॅजेन, रक्तातलं हिमोग्लोबिन तयार होतं. साखर आटोक्यात ठेवणाऱ्या एकट्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं ठरलेल्या क्रमानं जोडलेली असतात. अमिनो आम्लांचे प्रकार एकूण २०. त्यांतले ११ शरीर स्वतः बनवतं. उरलेले ९ ताटातूनच यावे लागतात. त्यातला एक जरी कमी पडला, तरी बाकीचे असूनही जुळणी अडते. शिवाय जास्तीची अमिनो आम्लं चरबीसारखी साठवून ठेवता येत नाहीत.

ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी. ती उणीव धान्य भरून काढतं. म्हणून पिठलं-भाकरी, वरण-भात, थालीपीठ हे उत्तम जेवण आहे. नुसत्या चटणी-भाकरीनं पोट भरतं, लायसिन मात्र अपुरंच राहतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत नऊही प्रकार पुरेसे मिळतात. सोयाबीनही त्यांच्या जवळ जातं.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिन लागतं. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सहा-सात ग्रॅम मिळतं, एका अंड्यातून सुमारे सहा. उतारवयात स्नायू झिजतात, तेव्हा प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडं असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा; प्रोटीन पावडरही मनानं सुरू करू नका.

अनेक घरांत बाई शेवटी जेवते आणि पाणी घालून वाढवलेलं वरण तिच्या वाटणीला येतं. मावशी, आज कुकर लावताना मूठभर डाळ जास्त घाला. आणि पहिली घट्ट वाटी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवा.