टायर घेताना आधी तारीख पाहा, मग भाव

पालघर, बोईसर आणि तारापूर या भागात ज्याचा धंदा आहे, त्याची मोटार ही हौसेची वस्तू नसून दुकानाचाच एक भाग असते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माल पाहायचा, पालघरला कचेरीचे काम उरकायचे, मनोरला महामार्ग धरून भिवंडी किंवा मुंबई गाठायची आणि रात्री परत यायचे. या धावपळीत आपण इंजिनाचे तेल वेळेवर बदलतो, विमा भरतो, पण टायरची आठवण पंक्चर झाल्यावरच होते. कापडाच्या व्यापाऱ्याने टायरवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला कारणे दोन. टायरच्या पोटात कापडच असते, हे पहिले. दुसरे म्हणजे आम्ही स्वतः खाल्लेली ठोकर.

मे २०१९ मधली गोष्ट. भर दुपारी बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालो होतो. डिकीत आणि मागच्या सीटवर सुटिंगचे आठ तागे, शेजारी पुतण्या. नागझरी मागे पडली आणि गाडीच्या मागून फटफट असा आवाज येऊ लागला. रस्ता खराब असेल म्हणून आम्ही तसेच पुढे गेलो. दोन-तीन मिनिटांत मागच्या डाव्या टायरची वरची नक्षीची पट्टी केळीच्या सालीसारखी सोलून निघाली आणि गाडी रस्ता सोडून चरात गेली. आम्हाला खरचटले. पुतण्याचे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते.

आश्चर्य असे की त्या टायरवर नक्षी भरपूर होती. दोन वर्षांपूर्वीच तो ‘नवा कोरा’ म्हणून घेतला होता. टायरच्या बाजूवर लंबगोलात कोरलेले चार आकडे पंक्चरवाल्याने बोटाने दाखवले: १६१३. म्हणजे २०१३ सालच्या सोळाव्या आठवड्यात बनलेला माल. आम्ही तो २०१७ मध्ये घेतला. चार वर्षे तो कुठल्या पत्र्याच्या गोदामात तापत पडला होता, कोण जाणे. दुकानदाराने भाव उतरवला तेव्हा ‘का’ असे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. तीस वर्षे माल विकणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याची लाज आजही वाटते. जुना साठा आम्हीही सवलतीत काढतो, पण गिऱ्हाइकाला सांगून. शिवाय कापड विरलेले निघाले तर फार तर शिवण उसवते.

आता टायरच्या पोटातील कापडाविषयी. हे कापड आपल्या मागावरच्या कापडासारखे नसते. त्यात ताणाच ताणा असतो. बाणा नावापुरता, इंचाला एखाद-दुसरा बारीक धागा, तोही ताणे जागेवर राहावेत म्हणून. धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. नायलॉन टायर कॉर्ड ८४०, १२६०, १६८० डेनियरमध्ये मिळते, हे सूत व्यवसायातील वाचकांना ठाऊक असेल. हे कापड राळ आणि लॅटेक्सच्या द्रावणात बुडवून भाजतात, तेव्हा कुठे रबर त्याला चिकटते. जुन्या अँबॅसेडर-पद्मिनीच्या काळात क्रॉस प्लाय टायर असत. त्यांत उरेब कापलेल्या कापडाचे थर एकावर एक आडवेतिडवे चढवलेले असत. चाक फिरताना हे थर एकमेकांवर घासत आणि तापत. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियलचे पेटंट घेतले. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी तारांचे पट्टे बसतात. घासणे कमी, म्हणून तापणेही कमी. आज मोटारींना सर्रास रेडियलच असतात.

पोलादी पट्ट्यांवर पुष्कळदा नायलॉनचा आणखी एक थर गुंडाळतात. नायलॉन तापला की आक्रसतो. हा कापडवाल्याच्या डोकेदुखीचा गुण येथे उपयोगी पडतो, कारण चाक वेगात तापले की तो थर पट्ट्यांना अधिकच आवळून धरतो. उलट हे सगळे थर एकत्र धरणारे रबर मात्र उष्णतेने आणि वयाने कडक होत जाते, त्याची चिकट सुटू लागते. पोलादी पट्ट्यांच्या कडेला बारीक चीर पडते आणि आतल्या आत वाढते. बाहेरून नक्षी शाबूत, आतून शिवण उसवलेली. आमच्या टायरचे नेमके हेच झाले होते.

या आतल्या बिघाडाला ऊन जितके कारण, त्याहून अधिक कारण कमी हवा. आपल्याकडे मे महिना लागला की जाणते लोकही सांगतात, ‘हवा चार पाउंड कमी ठेवा, उन्हाने फुगून टायर फुटेल.’ हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त वाकते आणि त्यातून उष्णता तयार होते. डांबर भर दुपारी हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी अधिक तापलेले असते, त्यात ही आतली उष्णता मिळते. सहा अंश तापमान वाढले की दाब साधारण एक पाउंड वाढतो. ही वाढ धरूनच कारखानदाराने आकडा ठरवलेला असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी उभी असताना, थंड टायरमध्ये तपासावी आणि तापलेल्या टायरमधून कधी सोडू नये. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजणाऱ्यांना एवढेच सांगतो की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

याचा मोठा पुरावा जगाने पाहिला आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील बहुतेक फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरची नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या. सरकारी तपासात अमेरिकेतील २७१ मृत्यू या प्रकाराशी जोडले गेले. तक्रारी उष्ण प्रदेशांतून अधिक होत्या, आणि त्याआधीच सौदी अरेबियातील ग्राहकांचे टायर फोर्डला १९९९ मध्ये बदलून द्यावे लागले होते. टायरमध्ये दोष होताच, परंतु फोर्डने या गाडीसाठी सुचवलेली २६ पाउंड हवाही वादाचा विषय झाली. पुढे फायरस्टोनने ३० पाउंडांची शिफारस केली. चार पाउंडांचा फरक म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही.

हवेचा आकडा टायरवर शोधू नये. टायरवर असतो तो कमाल दाब. आपल्या गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर असतो, आणि पुष्कळ गाड्यांत तेथे दोन रकाने असतात: एक कमी वजनाचा, दुसरा भरल्या गाडीचा. व्यापाऱ्याने दुसरा रकाना पाहावा. आमचाच हिशेब घ्या. सुटिंग मीटरला ३५० ग्रॅम धरले तर शंभर मीटरचा तागा ३५ किलोंचा होतो. आठ तागे म्हणजे २८० किलो, म्हणजे चार धडधाकट माणसे, आणि बहुतेक भार मागच्या दोन चाकांवर. आम्ही मात्र हवा भरत होतो ती दोघांच्या प्रवासाची.

भाराचा आकडा टायरवरही असतो. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिले असेल तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ इंचांची रिम. पुढचे ८८ हा भारांक, म्हणजे योग्य हवा असताना एक टायर ५६० किलो पेलतो. ८२ असेल तर ४७५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता, टी म्हणजे १९०. आपल्याला या वेगाने जायचे नाही हे खरे, पण मूळ टायरपेक्षा खालचा भारांक किंवा खालचे अक्षर स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. बऱ्याच टायरांवर अमेरिकी पद्धतीची प्रतवारीही छापलेली असते. त्यात ‘टेंपरेचर’पुढे ए, बी किंवा सी असते. आपल्या हवेत ए पाहावा.

‘ट्रॅक्शन’ हे ओल्या रस्त्यावर ब्रेक लावतानाच्या पकडीचे अक्षर आहे: एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. ‘ट्रेडवेअर’चा आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ, मात्र हा आकडा कंपनी स्वतः लावते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. येथेच खरी निवड करावी लागते. कडक रबराचा टायर जास्त किलोमीटर देतो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड बहुधा कमी असते. टॅक्सीवाल्याला किलोमीटर हवेत. आमचे मत असे की ज्याला जून ते सप्टेंबर वाघोबा खिंड किंवा मेंढवण खिंड रोज ओलांडायची आहे, त्याने दहा हजार किलोमीटर कमी मिळाले तरी चालवून घ्यावे आणि पावसातली पकड घ्यावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान पातळी ठरवली आहे. पण किमान ती किमान. दुकानदाराला ‘पावसात चांगला कोणता’ असे सरळ विचारावे आणि तो ‘सगळे सारखेच’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जावे.

पावसात टायरचे काम पाणी बाजूला सारण्याचे. ते जमले नाही की चाक पाण्यावर तरंगते, मग स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निकामी. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून दाखवले की तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या सूत्राने ३२ पाउंडांना हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २४ पाउंडांना ८२. मोटारीचा रुंद किंवा झिजलेला टायर त्याआधीही तरंगू शकतो. म्हणजे उन्हाळ्यात जी कमी हवा टायर तापवते, तीच पावसात गाडी तरंगवते. शोभेसाठी मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण रुंद टायरला जास्त पाणी सारावे लागते.

नव्या टायरच्या खाचा साधारण ७-८ मिलिमीटर खोल असतात. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, आणि ती दाखवण्यासाठी खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात. आम्ही मात्र मे महिन्यात खिशातली पट्टी लावून पाहतो. ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर तो टायर पाऊस पाहणार नाही. दोनच नवे टायर घेण्याची ऐपत असेल तर ते मागे बसवावेत. ओल्या वळणावर मागचे चाक सुटले की गाडी गरकन फिरते आणि मग साध्या माणसाला ती सावरता येत नाही. पुढच्या चाकांची गाडी म्हणून नवे टायर पुढेच हवेत, हा गॅरेजमधला समज येथे कामाचा नाही.

बोईसर-तारापूरची म्हणून एक वेगळी अडचण आहे. वसाहतीच्या रस्त्यांवर पोलादाचे तुकडे, तारा आणि पत्र्याच्या काचऱ्या पडलेल्या असतात. ट्यूबलेसमध्ये खिळा गेला तर हवा हळूहळू निघते आणि चालकाला कळतही नाही, म्हणून आमच्या भागात हवा पंधरवड्याला नव्हे, आठवड्याला तपासावी. नक्षीच्या भागातील छिद्राला दोरी लावून काम भागते, तरी घरी आल्यावर आतून ठिगळ लावून घेणे बरे, कारण त्या छिद्रातून पाणी शिरले की पोलादी पट्टे गंजतात. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर दुरुस्ती नाही. तेथे खड्ड्याने फुगा आला असेल तर समजावे की आतले ताणे तुटले आहेत आणि आता हवेला अडवायला केवळ रबर उरले आहे. असा टायर त्याच दिवशी काढावा. नवी गाडी घेणाऱ्यांनी स्टेपनी आहे की नाही तेही पाहावे. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. रात्री वाघोबा खिंडीत बाजू फाटली तर तो संच काय करणार?

राहिला भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिनबिलाच्या मालाची लालूच आता तरी कमी व्हावी. पक्के बिल, आयएसआय मार्क, आणि चार आकड्यांत सहा महिन्यांच्या आतली तारीख, एवढे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वर्षभरापर्यंतचा माल सवलतीत घ्यायला हरकत नाही, त्यापुढे नाही. गाडीवरचा टायर सहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही असो, बदलावा.

आम्ही आता ते चार आकडे बिलावर लिहून घेतो. पहिल्या वेळी दुकानदाराने तोंड वाकडे केले होते. गेल्या खेपेस त्याने न सांगता लिहिले आणि टायर फिरवून पुतण्याला दाखवलेही.