दीर्घकाळच्या आजारात सोबतीचे चालणे

आपल्यापैकी कितीतरी घरांत गोळ्यांची डबी जेवणाच्या ताटाशेजारी कायमची येऊन बसली आहे. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांचा संधिवात, दमा, हृदयविकार हे पाहुणे एकदा आले की सहसा जात नाहीत. डॉक्टर औषधे लिहून देतात आणि उठता उठता सांगतात, "रोज अर्धा तास चालत जा." गोळ्या आपण नेमाने घेतो, चालणे मात्र चौथ्या दिवशी सुटते. हे केवळ आळसामुळे घडते काय?

चालण्याचे मोल प्रथम पाहू. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचे चार गट केले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत साधा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. आहार सांभाळून चालण्याचा नेम करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते, तर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४० टक्के. म्हणजे चालणे गोळीच्या तोडीस तोड ठरले. तरीही शंभरातील ३९ जणांना आजार झालाच, हे विसरू नये. व्यायामाला चमत्कार म्हणून विकणाऱ्यांपासून आपण दूरच राहावे हे बरे. आणखी एक गोष्ट या अभ्यासात सहज नजरेआड होते. चालणाऱ्या गटातील लोकांना वरचेवर भेटून व दूरध्वनी करून विचारणा केली जात होती. कोणीतरी त्यांची चौकशी करीत होते!

ज्यांना मधुमेह आधीच जडला आहे, त्यांनाही चालण्याचा लाभ आहे. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. परंतु हा परिणाम एकदोन दिवसांत ओसरतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास चालून आठवडाभर बसून राहणाऱ्यास हवा तो लाभ होत नाही. सातत्य हवे, आणि सातत्यापाशीच एकट्या माणसाचा संकल्प ढासळतो.

येथे चेन्नईतीलच आशियाड कॉलनीचे उदाहरण बोधप्रद आहे. डॉ. व्ही. मोहन यांच्या पथकाने १९९६ च्या सुमारास तेथे पाहणी केली, तेव्हा आठवड्यातून तीनहून अधिक वेळा व्यायाम करणारे शंभरात चौदाच्या आसपास होते. पथकाने आजारांविषयी लोकांत जागृती केली. पुढे रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने चालण्यासाठी बाग उभी केली, आणि नंतरच्या पाहणीत हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या वर गेले. माहिती तर मिळालीच. पण जागा जवळ आली आणि शेजारी रोज दिसू लागले, हेही तितकेच महत्त्वाचे असावे असे मला वाटते. अर्थात ती मध्यमवर्गीयांची वसाहत होती. ज्या वस्तीत पाय टाकायला मोकळी जमीन नाही, तेथील धुणीभांडी करणाऱ्या मधुमेही बाईने कोणती बाग बांधावी? अशा ठिकाणी शाळेचे मैदान किंवा मंदिराचे अंगण सकाळी तासभर उघडे ठेवणे हीच मोठी सोय ठरेल. अंधारात एकटीने रस्त्यावर जाण्यास कचरणाऱ्या भगिनींना तर त्याची अधिकच गरज आहे.

असा गट आपण सुरू केलात, तर वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा ठेवा. बहुतेक गट येथेच चुकतात. धडधाकट मंडळी पुढे निघून जातात आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तोच मागे पडून घरी बसतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपतच दम लागावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत दीर्घकाळच्या आजाऱ्यांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. परंतु दहा मिनिटांनी आरंभ करण्यात काहीच कमीपणा नाही. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे ज्यांच्या पोटऱ्या दुखतात, त्यांनी दुखेपर्यंत चालावे, थांबावे, आणि पुन्हा चालावे. त्यानेच अंतर वाढत जाते. त्यांच्यासाठी वाटेत बाक हवा.

आरंभी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, दम्याच्या रुग्णांनी इन्हेलर. तळपाय बधिर असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये व घरी परतल्यावर पाय नीट पाहावेत, कारण त्यांना जखम कळत नाही. छातीत दुखले, दम कोंडला वा भोवळ आली तर तेथेच थांबावे. मदत येईपर्यंत एकाने त्यांच्याजवळ बसावे, दुसऱ्याने वाहन बोलवावे.

गटातील एकाकडे हजेरीची वही द्या. दोन दिवस कोणी दिसले नाही, तर तिसऱ्या दिवशी चालण्याची वाट त्याच्या दारावरून न्या.