हाडाला धरणारी काच



बाभळीचा काटा टाचेत मोडून राहिला तर काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. एक तर तो पिकून पुवाबरोबर बाहेर येतो, नाही तर शरीर त्याच्याभोवती घट्ट पिशवी विणते आणि तो वर्षानुवर्षे आत सलत राहतो. बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला तरी तीच गत. अशा वेळी कोणी सांगितले की एका जातीची काच हाडात बसवली असता हाडाशी एकजीव होते, तर आपण हसू. पण ते खरे आहे. ते कसे घडते हे कळले, तर पाय मोडलेल्या माणसाची काळजी घेताना आपल्याला त्याचा उपयोग होईल.

सन १९६७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे प्राध्यापक लॅरी हेंच एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनामच्या युद्धातून नुकताच परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. त्याने विचारले, शरीर ज्याला झिडकारणार नाही असे काही तुम्हाला बनवता येईल का? धातू व प्लॅस्टिक शरीर स्वीकारत नसे, आणि जखमी जवानांचे हातपाय कापावे लागत. हेंच यांनी विचार केला, हाडात चुन्याचा अंश व फॉस्फरस आहे, तर तेच काचेत घालून पाहू. त्यांच्या काचेत वजनाने शंभरात ४५ भाग सिलिका, साडेचोवीस भाग सोडा, साडेचोवीस भाग चुना व ६ भाग फॉस्फरसचे संयुग होते. खिडकीच्या काचेत सिलिका सत्तरच्या वर असते, म्हणून ती पावसात विरत नाही. ही काच मात्र ओलाव्यात हळूहळू विरघळते. सन १९६९ मध्ये तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी शस्त्रवैद्य ते काढू गेले, तर निघेनात.

प्रथम आम्हाला वाटले होते की काच व हाड यांची थेट गाठ पडत असेल. तसे नाही. मध्ये रक्त येते.

काच जखमेत ठेवली की काही क्षणांतच रक्तातील प्रथिने तिच्यावर बसू लागतात. आपल्या रक्तद्रवाच्या एका लिटरमध्ये अल्ब्युमिन नावाचे प्रथिन सुमारे ४० ग्रॅम असते. रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन ३ ग्रॅमच्या आसपास, आणि फायब्रोनेक्टिन त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतके. बाजाराच्या दिवशी बस लागली की काय होते ते आठवा. चपळ पोरे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, मागाहून गाठोडीवाली वडील मंडळी येतात व त्यांना उठवून पक्की बसतात. अल्ब्युमिन लहान व संख्येने पुष्कळ, म्हणून ते आधी पोहोचते. मोठी प्रथिने उशिरा येतात, पण पृष्ठभाग अधिक घट्ट धरतात व पहिल्यांना हटवतात. ही अदलाबदल लिओ व्रोमन या शास्त्रज्ञांनी दाखवली. (हे गृहस्थ डच भाषेतील नामांकित कवीही होते!)

याच वेळी काचही स्वस्थ नसते. तिच्यातील सोडा बाहेर पडतो, वर सिलिकेचा मऊ थर उरतो, आणि त्यावर चुना व फॉस्फरस जमून हाडातील खनिजासारखाच एक थर तयार होतो. प्रथिने या कामात थोडी आडवीही येतात. नुसत्या क्षारांच्या पाण्यात हा थर लवकर धरतो, प्रथिने असलेल्या द्रवात त्याला वेळ लागतो. मात्र प्रथिनांवाचून पुढचे काम होत नाही, कारण हाड तयार करणाऱ्या पेशींना धरायला हात लागतो, आणि तो हात फायब्रोनेक्टिन देते.

येथे एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गार्सिया, द्युशेन व बोटिगर यांनी १९९८ मध्ये असे दाखवले की फायब्रोनेक्टिन सारखेच असले तरी, ज्या काचेवर तो नवा थर आलेला होता तिला पेशी अधिक घट्ट धरून राहिल्या. म्हणजे प्रथिन किती बसले एवढेच पाहून चालत नाही. ते कोणत्या आकारात बसले, त्याची पकडण्याची बाजू वर राहिली की खाली दबली, हेही पाहावे लागते. दावे कितीही लांब असले तरी गाठ नीट नसली तर बैल सुटतोच.

आता आपल्या कामाची गोष्ट. या फायब्रोनेक्टिनला व फायब्रिनोजेनला जसे हाडाच्या पेशी धरतात, तसेच पू करणारे स्टॅफिलोकॉकस जंतूही धरतात. जागा एकच आहे. जो आधी पोहोचेल त्याची. काचेतून निघालेल्या सोड्यामुळे आसपास खारटपणा येतो व जंतूंना थोडी अडचण होते, म्हणून फिनलंडमध्ये तयार झालेली अशीच एक काच हाडात मुरलेल्या जुन्या पुवावरही वापरतात. पण तीही डॉक्टरांनी जखम खरवडून साफ केल्यावरच.

आजाऱ्यांना भेटायला जातो तेव्हा आम्ही पाहतो, हाड कातडी फाडून वर आलेले आणि त्यावर हळद, तंबाखू, कधी शेणसुद्धा थापलेले. मग वैदूची पट्टी. दोन दिवसांनी दवाखाना. असे कृपा करून करू नका. उघड्या जखमेवर धुतलेले कापड झाका, पाय फळीला बांधून हलू देऊ नका, आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

हाडातील पोकळी भरायला डॉक्टर ही काच सुचवतील तेव्हा ती बहुधा बारीक दाण्यांच्या रूपात असते, आणि पुष्कळदा रोग्याच्याच रक्तात कालवून भरतात. ते का, हे आता आपल्याला कळले असेल. विडी-सिगारेट बंद ठेवावी, तिने हाड सांधायला उशीर होतो. साखरेचा आजार असेल तर आधी सांगावे. ही काच ठिसूळ आहे, ती भार पेलत नाही. भार नवे हाडच पेलणार, आणि त्याला महिने लागतात. तोवर डॉक्टर एक्स-रे पाहून हो म्हणेपर्यंत त्या पायावर उभे राहू नये, पेरणी शेजाऱ्याकडून करून घ्यावी लागली तरी.