व्याज: प्रश्न केवळ दराचा नाही

क्रेडिट कार्डाचे बिल हाती पडताच व्याजदराविषयी संताप व्यक्त होतो. तो अकारण नाही. दरमहा ३.५ टक्के हा दर अल्प भासतो; परंतु १०,००० रुपयांची थकबाकी चक्रवाढीने वर्षभरात सुमारे १५,१०० रुपये होते. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज मात्र चालूच राहते.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल केला.

परंतु न्यायालयीन निर्णयाने श्रद्धावंताचा प्रश्न सुटत नाही. पवित्र कुरआनने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले (सूरह अल-बकरा, २७५); तेथे टक्केवारीची सवलत नाही. त्याच सूरहची २८० वी आयत अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याची आज्ञा देते आणि कर्जमाफीला अधिक श्रेयस्कर मानते.

ही आज्ञा आपल्यालाही आहे. वैशाखऱ्यासारख्या गावात आजारपणामुळे कोणी कर्जात अडकला, तर आप्तस्वकीयांनी बिनव्याजी कर्ज, अर्थात कर्ज-ए-हसना देऊन त्याची सुटका करावी. कर्जदारानेही थकबाकी कुटुंबीयांपासून लपवू नये, कार्डावरील नवी खरेदी थांबवावी. ऐपत असूनही परतफेडीस टाळाटाळ करणे, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार अन्याय आहे.

बंधूंनो व भगिनींनो, आपल्या नात्यात असा कर्जदार कोण आहे, याची आजच आस्थेने विचारपूस करा. अल्लाह आपणा सर्वांना व्याजापासून दूर ठेवो. आमीन.