शहरातील शाळेचा कारभार

बारामतीजवळच्या कन्हेरी गावातील प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते. बारामती शहरात नगरपरिषद स्वतःच्या शाळा चालविते. मुले एकाच तालुक्याची, पुस्तके बालभारतीचीच, तरीही कारभार दोन. याचे कारण शंभर वर्षांच्या कायद्यांत सापडते.

नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला आणि मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती करण्याची मुभा मिळाली. मुभाच ती, पैसा मात्र बेताचाच. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे आला, तर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने शासनाचे नियंत्रण वाढविले. याच अधिनियमाने नगरपालिकांचे दोन वर्ग पडले. 'अधिकृत' नगरपालिकेला स्वतःचे मंडळ. इतरांच्या शाळा जिल्हा मंडळाकडे. जिल्हा मंडळांची जागा १९६२ मध्ये जिल्हा परिषदांनी घेतली. सन २०१३ मध्ये राज्याने शहरांतील शिक्षण मंडळेही मोडीत काढण्याचा निर्णय घेतला आणि त्यांचे काम टप्प्याटप्प्याने पालिका प्रशासनाकडे गेले.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या विषयांत, प्राथमिक व माध्यमिक शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत केवळ सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे, एवढेच म्हटले आहे.

शहरी शाळांपुढील सर्वांत अवघड प्रश्न पटसंख्येचा आहे. ज्यांना परवडते ते पालक इंग्रजी माध्यमाकडे वळतात. पालिकेच्या वर्गात उरतात ती बहुधा मजुरांची मुले. त्यांतील अनेकांची बिऱ्हाडे फिरती असतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. पण वीटभट्टीवरचे कुटुंब गावाच्या हद्दीतून शहराच्या हद्दीत गेले, की मुलाचे नाव एका नोंदवहीतून निघते आणि दुसऱ्या नोंदवहीत चढतेच असे नाही. अशा वेळी पालकाला शाळेच्या दारातून दाखला आणण्यासाठी परत पाठविले जाते, ते नियमाला धरून नाही. दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणास्तव प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही, असे याच अधिनियमाचे कलम ५ सांगते.