सडपातळ की सुदृढ?

जपानचे नाव तुम्ही भूगोलात वाचले आहे. तो श्रीमंत देश आहे. तेथे धान्याची टंचाई नाही. तरीही २०१९ सालच्या सरकारी पाहणीत तेथील विशीतल्या दर पाच तरुणींपैकी एकीचे वजन हवे त्यापेक्षा कमी आढळले. असे का व्हावे? तेथील पुष्कळ मुलींना वाटते, की जितके बारीक तितके सुंदर. म्हणून त्या कमी खातात, न्याहारी टाळतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. आपल्याकडेही १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीचे वजन कमी आढळले. शिवाय निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. वजनाचा आकडा सारखा दिसतो. पण कारणे वेगळी आहेत. कोठे गरिबी असते, कोठे कष्ट फार असतात. अनेक घरांत आई सर्वांना वाढून शेवटी जेवते. तोवर डाळ-भाजी संपलेली असते. मग भाकरी आणि चटणी एवढेच तिच्या वाट्याला येते. मुलगीही चहा पिऊन तशीच शाळेला पळते.

आपले वजन योग्य आहे का, हे कसे ओळखावे? मोठ्या माणसांसाठी एक सोपे गणित आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.५ मीटर आणि वजन ४५ किलो असेल, तर उत्तर २० येते. हे उत्तर १८.५ पेक्षा कमी आले, तर वजन कमी समजतात. तुमचे वय वाढीचे आहे. म्हणून तुमचे वजन डॉक्टर वयाच्या तक्त्यावरून ठरवतात.

रक्तक्षय मात्र वजनकाट्यावर दिसत नाही. लवकर थकवा येणे, जिना चढताना धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे आहेत. मासिक पाळी सुरू झाल्यावर मुलींच्या शरीराला लोह अधिक लागते. नेमक्या याच वयात पोटाला चिमटा घेणे योग्य नाही.

आपला धाराशिव जिल्हा कमी पावसाचा आहे. पण येथे ज्वारी, तूर आणि हरभरा पिकतो. येथील उस्मानाबादी शेळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. अलीकडे शेतात विकण्यासाठी सोयाबीन वाढले आणि घरच्या ताटातली भाजी कमी झाली. तेव्हा जिल्ह्यातील अनेक स्त्रियांनी एक चांगला मार्ग धरला. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने त्यांनी घरच्या शेतातील एखादा एकर आपल्याकडे मागून घेतला. त्यात त्या डाळी, धान्य आणि भाजीपाला पिकवू लागल्या. आधी घरच्यांचे पोट, मग बाजार, असा त्यांचा हिशोब आहे.

तुम्हीही काही गोष्टी करू शकता. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी किंवा मोड आलेली मटकी खा. जमेल तेव्हा अंडी किंवा कलेजी खा. जेवणावर लिंबू पिळा. त्याने अन्नातील लोह अंगी लागते. जेवताना चहा घेऊ नका; तो लोह अंगी लागू देत नाही. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी काही खाल्ल्यानंतर घ्या. रमजानमध्ये सहेरी चुकवू नका.

मुलांनो, ही गोष्ट केवळ मुलींची नाही. आज घरी सर्वांनी एकत्र जेवायला बसा. भाजी वाढताना आईचा आणि बहिणीचा वाटा आधी काढा. जे अंग बारीक दिसते ते सुंदर, असे नाही. जे अंग दिवसभर काम करूनही ताजेतवाने राहते, तेच खरे सुंदर.

शब्दार्थ
सडपातळ – बारीक अंगाचा
सुदृढ – तंदुरुस्त, मजबूत
न्याहारी – सकाळचा नाश्ता
टंचाई – कमतरता
रक्तक्षय – रक्ताचा लालपणा कमी होण्याचा आजार
पोटाला चिमटा घेणे – गरजेपेक्षा कमी खाणे

स्वाध्याय
१. जपानमधील तरुणी कमी का खातात?
२. आपल्याकडे स्त्रियांचे वजन कमी असण्याची दोन कारणे लिहा.
३. उंची १.५ मीटर व वजन ३६ किलो असलेल्या बाईचे उत्तर किती येईल? तिचे वजन योग्य आहे का?
४. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? का? पाच वाक्ये लिहा.