आज्जीचा गळा आणि शे-दोनशेचं कार्ड

पुणे

चि. पुतणीस,

लॅपटॉपचं माइकचं भोक गेलं, आता बाहेरून लावायचं साउंड कार्ड कोणतं घेऊ, असं तू विचारतेस. त्याआधी मला सांग, त्यात खुपसणार काय आहेस?

आज्जीच्या जात्यावरच्या ओव्याच रेकॉर्ड करायच्या असतील, तर यूएसबीचं शे-दोनशेचं कार्ड पुरतं. मी एकदा खोक्यावरचं '७.१' वाचून भुललो होतो. घरी आणून बघतो तर भोकं दोनच, एक हेडफोनचं, एक माइकचं. आणि माइकचं तेही मोनो. मोनोचं वाईट वाटून घेऊ नकोस, आज्जीला गळा एकच आहे.

मात्र कॉलरला लावायचा माइक घेतलास तर त्याची पिन बघ. तिच्यावर तीन काळ्या रेघा असल्या तर ती मोबाइलसाठीची. दोन भोकांच्या कार्डात ती सरळ चालत नाही, जोडपिन घ्यावी लागते. आणि भजनी मंडळाकडचा कंडेन्सर माइक आणणार असशील, तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तो या डबड्यातून मिळत नाही. त्यासाठी बेहरिंगर यूएम२ सारखा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागेल, म्हणजे काही हजारांची गोष्ट. आत्ता नको. ते पैसे माइकात घाल.

रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून ठेव. अर्थिंग धड नसलं की ५० हर्ट्झची घूं आत शिरते, आणि महागडं कार्ड घेतलं म्हणून ती जाईलच असं नाही. पंखा बंद. आपल्या पेडगाव स्टेशनातून गाडी भोंगा देत गेली, तर थांबू नकोस. आज्जी थांबली तरच थांब. माइक तोंडापासून वीतभर, जात्यापासून लांब, नाहीतर नुसती घरघर भरेल.

एमपी३ नको, वेव्ह फाइल ठेव. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. तासाला जेमतेम ३२० एमबी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमवल्या, पण त्यातल्या कितीतरी कागदावरच राहिल्या, गळा काही सगळ्यांचा टिपता आला नाही. म्हणून कार्ड येईपर्यंत थांबू नकोस. आज मोबाइलवर एक ओवी घे आणि मला पाठव, घूं आली तरी चालेल.

दादा-वहिनींना नमस्कार. आज्जीला म्हणावं, दिवाळीला येतोय.

तुझा काका